कर्ज फिटत नाही तेव्हा : नादारीचा कायदा आणि भरवशाची मदत

कर्ज फेडण्याची ऐपत उरली नाही, तर न्यायालयाकडून स्वतःला नादार घोषित करून घेण्याची सोय भारतात शंभर वर्षांहून जुनी आहे. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांना १९०९चा इलाखा शहरांचा नादारी कायदा लागू आहे. महाराष्ट्राच्या उरलेल्या भागात १९२०चा प्रांतिक नादारी कायदा चालतो. २०१६मध्ये नादारी व दिवाळखोरी संहिता आली. तिचा तिसरा भाग खास व्यक्तींसाठी आहे, पण १ डिसेंबर २०१९पासून तो अमलात आला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. धुणीभांडी करणारी बाई, रिक्षाचालक, कंत्राटी कामगार किंवा दुकान बुडालेला छोटा व्यापारी यांच्यासाठी जुनेच दोन कायदे उरतात.

या संहितेत अगदी गरीब कर्जदारासाठी 'नव्याने सुरुवात' अशी एक प्रक्रिया आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० रुपयांपर्यंत, माफीयोग्य कर्ज ३५,००० रुपयांपर्यंत आणि स्वतःचे घर नाही, अशा माणसाचे कर्ज तिच्यात माफ होऊ शकते. हा भाग सामान्य व्यक्तींसाठी अजून सुरू झालेला नाही, आणि उद्या सुरू झाला तरी त्याचा लाभ कितीजणांना मिळेल ही शंकाच आहे. ६०,००० रुपये वर्षाला म्हणजे महिन्याला ५,००० रुपये. शहरात चार घरची कामे करणारी बाईसुद्धा या मर्यादेबाहेर जाते. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशीच सोय २००९पासून प्रत्यक्ष चालू आहे आणि तिच्या अर्जाचे शुल्कही एप्रिल २०२४मध्ये रद्द झाले. आपल्याकडे ती कागदावरच आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की अल्प उत्पन्नाच्या माणसासाठी नादारीचा अर्ज हा पहिला उपाय नसून शेवटचा आहे. त्याआधीचे उपाय बहुतेक मोफत आहेत. त्यांतला कोणता लागू पडेल हे कर्ज कोणाकडून घेतले आहे यावर ठरते. त्यामुळे मदत मागायला निघण्यापूर्वी सगळ्या कर्जांची यादी हाताशी असावी.

यादी आणि कागद

प्रत्येक कर्जापुढे देणाऱ्याचे नाव, घेतलेली रक्कम, आजवर भरलेली रक्कम, तारण काय, जामीनदार कोण आणि कोरे धनादेश दिले आहेत का, एवढे लिहिलेले असावे. बँका आणि वित्त कंपन्यांची कर्जे विसरली असतील तर ती पत अहवालात सापडतात. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांना दर वर्षी एक संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा लागतो, त्यामुळे तो काढून देण्यासाठी कोणाला पैसे मोजण्याचे कारण नाही. सावकार, भिशी, नातेवाईक आणि बऱ्याच पतसंस्था यांची देणी मात्र त्यात दिसतीलच असे नाही. ती आठवून लिहावी लागतात आणि तीच सहसा जास्त टोचणारी असतात.

यादीत एखादे फार जुने कर्ज असेल तर तिथे थांबून विचार करावा. साध्या उसनवारीच्या दाव्याला मुदत कायद्यात सामान्यतः तीन वर्षांची मुदत आहे. मुदत संपण्यापूर्वी कर्जदाराने देणे लेखी कबूल केले किंवा थोडी रक्कम भरली, तर ही तीन वर्षे नव्याने मोजली जातात. वसुलीवाला 'नुसती सही करा, पाचशे रुपये टाका' असा आग्रह धरतो त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. वकिलाला दाखवल्याशिवाय अशी सही करू नये.

मोफत वकील

सर्वांत भरवशाची जागा म्हणजे जिल्हा न्यायालयाच्या आवारातले जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याची विधी सेवा समिती. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने ही यंत्रणा उभी आहे आणि जिल्ह्यात तिचे अध्यक्षपद प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे असते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. उत्पन्नाबद्दलचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानण्याची मुभा कायद्यातच आहे, म्हणून दाखल्याअभावी कोणी परत पाठवत असेल तर ही तरतूद दाखवून द्यावी.

ही मदत वकिलाच्या शुल्कापुरती नसते. न्यायालयीन शुल्क, टंकलेखन, नकला यांचा खर्चही तिच्यात धरला जातो. नेमून दिलेल्या वकिलाने पक्षकाराकडे पैसे मागायचे नसतात. मागितल्यास प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करता येते. फुकटचा वकील कामाचा नसतो, असा एक समज पसरलेला आहे. काही ठिकाणी तो अनुभवातूनही आलेला असेल, पण पैसे घेणाऱ्या वकिलांबद्दलही असे अनुभव कमी नाहीत. इथे निदान काम कोणावर सोपवले आहे याची नोंद राहते, आणि तक्रार ऐकणारा अधिकारी न्यायाधीश असतो. प्राधिकरणाचा राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे.

खासगी वकील घ्यायचाच झाला तर त्याची महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेतली सनद विचारण्यात काही गैर नाही. वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. त्यामुळे मोबाईलवर 'कर्जमुक्ती' विकणारी जाहिरात दिसली की ती देणारा वकील नसावा, किंवा असलाच तर नियम मोडणारा असावा, असे धरून चालावे. दाव्यातून मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवून काम घेणेही वकिलाला निषिद्ध आहे.

बँक, वित्त कंपनी, मायक्रोफायनान्स

बँक किंवा वित्त कंपनीकडे आधी स्वतःच अर्ज द्यावा. उत्पन्न का घटले आणि दरमहा किती भरता येईल हे त्यात आकड्यांनिशी मांडावे, आणि अर्जाची पोच घ्यावी. हप्ता कमी करून मुदत वाढवणे किंवा एकरकमी तडजोड हे दोन मार्ग साधारणपणे पुढे येतात. तडजोडीत पूर्ण रक्कम न भरता खाते मिटले, तर पत अहवालात 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढची काही वर्षे नवे कर्ज मिळणे कठीण होते. उपासमारीपेक्षा तो शेरा परवडतो, परंतु तो पडणार आहे हे आधी ठाऊक असावे. तडजोडीचे पत्र बँकेच्या कागदावर, रक्कम आणि तारखेसह हातात आल्याखेरीज पैसे भरू नयेत. पैसे कर्जखात्यातच भरावेत, वसुली करणाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात कधीही नाही.

वसुलीसाठी कर्जदाराला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, धमकी किंवा शिवीगाळ करू नये, नातेवाईक आणि मित्रांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२मध्ये बजावले आहे. मायक्रोफायनान्सच्या बाबतीत ही वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी आहे. एजंट बाहेरचा असला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेवरच राहते.

मायक्रोफायनान्सबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण वस्त्यांमधले आणि खेड्यांमधले कर्ज बऱ्याच अंशी हेच असते. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२२च्या निर्देशांनुसार हे कर्ज वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबासाठी आणि विनातारण असते. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. एकाच बाईच्या नावावर चार-पाच संस्थांची कर्जे असतील तर ही मर्यादा कोणीतरी मोडलेली असण्याची शक्यता मोठी. त्याने कर्ज रद्द होत नाही, मात्र तक्रारीला आणि हप्ता कमी करून घेण्याच्या मागणीला बळ येते. गटातल्या बाकीच्या बायकांना दारात आणून बसवणे ही वसुलीची पद्धत नव्हे, तो छळ आहे. कर्ज देणाऱ्या संस्थेने दाद दिली नाही तर सा-धन आणि एमफिन या रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेल्या स्वयंनियामक संस्थांकडे तक्रार करता येते.

संस्थेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. ही तक्रार ऑनलाइन सीएमएस पोर्टलवर किंवा टपालाने करता येते आणि तिला शुल्क नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. विशेष म्हणजे ही तक्रार कर्जदाराच्या वतीने वकिलामार्फत चालतच नाही. ती स्वतः किंवा वकील नसलेल्या प्रतिनिधीमार्फत करावी लागते. म्हणून 'लोकपालाकडची केस लढवून देतो' असे सांगत पैसे घेणारा वकील मुळातच चुकीचे सांगत असतो.

पतसंस्था आणि सावकार

पतसंस्थेचे कर्ज लोकपालाच्या कक्षेत येत नाही. महाराष्ट्रात ते १९६०च्या सहकारी संस्था कायद्याखाली वसूल होते आणि तो रस्ता फार वेगाचा आहे. कलम १०१खाली निबंधक दिवाणी दाव्याशिवाय थेट वसुली दाखला देऊ शकतात. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर वसुलीपात्र रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत तो निम्मी रक्कम कुठून आणणार? म्हणून निबंधकाची पहिली नोटीस येईल त्याच दिवशी विधी सेवा प्राधिकरण गाठावे आणि सुनावणीला हजर राहून हिशेब, चुकीचे व्याज, न धरलेले हप्ते यांवरचे आक्षेप लेखी नोंदवावेत. जामीनदारालाही हेच लागू आहे, कारण संस्था मूळ कर्जदाराला सोडून थेट त्याच्याकडून वसुली करू शकते. नोटीस न घेता परत पाठवल्याने काहीच टळत नाही.

सावकाराचे कर्ज असेल तर पहिला प्रश्न परवान्याचा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा २०१४मध्ये आला. विनापरवाना सावकारी हा गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. परवानाधारकालाही शासनाने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त रक्कम व्याजापोटी वसूल करता येत नाही. हा जुना दामदुपटीचा नियम आहे. अवैध सावकाराने कर्जापोटी जमीन किंवा घर लिहून घेतले असेल, तर पंधरा वर्षांच्या आतला असा व्यवहार जिल्हा निबंधक तपासू शकतात आणि तो सावकारीपोटीच झाला असे आढळल्यास मालमत्ता परत देण्याचा आदेश काढू शकतात. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात द्यायची असते. दस्तावर 'कायम खरेदीखत' लिहिले आहे म्हणून पुष्कळ शेतकरी आशा सोडून देतात; ती सोडण्याचे कारण नाही.

मोबाईल ॲपवरून घेतलेल्या कर्जात आधी पाहायचे ते हे की, ॲपच्या मागे रिझर्व्ह बँकेची नोंदणी असलेली बँक किंवा वित्त कंपनी आहे का. नसेल, किंवा फोनमधली छायाचित्रे आणि संपर्क यादी वापरून बदनामीची धमकी येत असेल, तर ते प्रकरण थेट सायबर पोलिसांचे आहे. १९३० हा त्यांचा मदत क्रमांक. नोंदणी नसलेल्यांबद्दल रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवरही तक्रार करता येते.

तुरुंगाची भीती

वसुलीचे सगळ्यात मोठे हत्यार म्हणजे अटकेची धमकी. कर्ज थकणे हा गुन्हा नाही. दिवाणी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत अटक होऊ शकते, पण पैसे असूनही जो देत नाही, मालमत्ता लपवतो किंवा पळून जाण्याच्या बेतात असतो त्याला. निव्वळ गरिबीपायी न देऊ शकणाऱ्याला कैदेत टाकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८०च्या जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात स्पष्ट केले. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला तर अटक करताच येत नाही. दख्खनच्या शेतकऱ्यांना असे संरक्षण सावकारांविरुद्धच्या १८७५च्या दंग्यांनंतर, १८७९च्या कायद्याने मिळाले होते.

धनादेश न वटण्याचे प्रकरण मात्र वेगळे. तो परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८खाली गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बँकेतून आपोआप कापला जाणारा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला तर त्यालाही पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात तशीच शिक्षा आहे. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरली तर धनादेशाचा खटला उभा राहत नाही. तेवढे जमत नसेल तर समन्स आल्यावर न्यायालयात हजर राहणे महत्त्वाचे. वॉरंट निघते ते बहुतेकदा गैरहजेरीमुळे. व्हॉट्सॲपवर आलेले शिक्क्यांचे 'अटक वॉरंट' मात्र वकिलाला दाखवून मगच घाबरावे.

जप्तीलाही मर्यादा आहेत. कपडे, भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि त्याचे राहते घर, स्त्रीचे मंगळसूत्रासारखे धार्मिक रीतीने अंगावर राहणारे दागिने, भविष्य निर्वाह निधी, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६०ने जप्तीतून वगळले आहे. मजूर आणि घरगुती नोकर यांची मजुरी पूर्णपणे वगळलेली आहे. इतर पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश हात न लावता सोडावे लागतात. तारण दिलेल्या वस्तूला अर्थात हे संरक्षण नाही.

लोकअदालत

बँका थकीत कर्जांची प्रकरणे लोकअदालतीत आणतात आणि तिथे व्याज, कधी मुद्दलाचाही काही भाग सोडतात. दावा दाखल होण्यापूर्वीही प्रकरण तिथे ठेवता येते, त्याला शुल्क लागत नाही. पण तिथे झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतका पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. दिवसभराच्या गर्दीत, पॅनेलसमोर उभे राहून, संकोचापोटी न झेपणारा हप्ता कबूल करणारे लोक कमी नाहीत. लोकअदालतीत संमतीशिवाय काहीही ठरत नाही. झेपणारा आकडा घरूनच ठरवून जावे, आणि तो मान्य झाला नाही तर सही न करता परत यावे.

पैसे घेऊन कर्ज मिटवणारे

कर्जमाफीचा दाखला मिळवून देतो म्हणून 'सेवाशुल्क' किंवा 'कायदेशीर शुल्क' घेणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३मध्ये दिला. असा दाखला देण्याचा अधिकार अशा कोणालाही नाही. हप्ते बंद करा, ते पैसे आमच्याकडे जमा करा, बँकेशी आम्ही बोलतो, असे सांगणाऱ्या कंपन्याही फोन करतात. तेवढ्या काळात व्याज वाढत राहते, पत अहवाल बिघडतो आणि धनादेशाचे खटले लागतात. बँक तडजोड करणार असेल तर ती कर्जदाराशी थेटही करते. सहीचे कोरे कागद, आधारचा ओटीपी, मूळ सातबारा किंवा एटीएम कार्ड मागणारा माणूस कोणीही असो, त्याला ते देऊ नये. साधा हिशेब मांडायला आणि योजनांची माहिती घ्यायला जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचे आर्थिक साक्षरता केंद्र असते. तिथला सल्ला मोफत आहे.

नादारीचा अर्ज

एवढे करूनही देणी आवाक्याबाहेरच राहिली तर नादारीचा अर्ज उरतो. मुंबईत तो उच्च न्यायालयात जातो, इतरत्र जिल्ह्याच्या न्यायालयात. प्रांतिक कायद्यानुसार देणी पाचशे रुपयांची असली तरी अर्ज चालतो. ही रक्कम १९२०ची आहे, कोणी बदललेली नाही. अर्जासोबत सर्व देणेकऱ्यांची आणि सर्व मालमत्तेची खरी यादी द्यावी लागते. एखादे देणे किंवा दागिना लपवला तर फौजदारी शिक्षेची तरतूद आहे. अर्जापूर्वी घर भावाच्या नावावर करणे हा हमखास दिला जाणारा चुकीचा सल्ला. नादारीचा अर्ज दाखल होण्याआधीच्या दोन वर्षांतली अशी हस्तांतरणे न्यायालय रद्द ठरवू शकते, आणि शेवटच्या तीन महिन्यांत एकाच देणेकऱ्याला झुकते माप दिले असेल तर तेही.

नादार घोषित झाल्यावर जप्तीतून वगळलेल्या वस्तू सोडून बाकीची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. त्यानंतर देणेकऱ्यांना परवानगीशिवाय नवा दावा लावता येत नाही. तारण असलेला देणेकरी मात्र आपले तारण विकू शकतो. इथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही : घोषणा म्हणजे मुक्तता नव्हे. न्यायालयाने ठरवून दिलेल्या मुदतीत मुक्ततेसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, नाहीतर घोषणाच रद्द होते आणि सगळे देणेकरी पुन्हा दारात येतात. विनातारण देण्यांच्या रुपयाला आठ आणे इतकीही मालमत्ता निघत नसेल तर ते का, याचे समाधानकारक कारण न्यायालयाला द्यावे लागते. आजारपण, अपघात, नोकरी जाणे ही कारणे कागदांसह मांडता येतात, म्हणून रुग्णालयाची बिले आणि कामावरून कमी केल्याची पत्रे जपून ठेवावीत.

सरकारी देणी, फसवणुकीतून झालेले कर्ज आणि पत्नी-मुलांची पोटगी यांतून मुक्तता मिळत नाही. ती जामीनदारालाही मिळत नाही. कर्जदार नादार ठरून सुटला तरी सही केलेल्या मित्राकडून किंवा मेहुण्याकडून वसुली चालूच राहते, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी त्यांना विश्वासात घ्यावे आणि शक्य झाल्यास त्यांनाही त्याच विधी सेवा कार्यालयात सोबत न्यावे.